‘काही नाही’ म्हणणारे मूल खोटे बोलते काय?

महात्मा बसवेश्वरांनी आचाराचे जे सात नियम घालून दिले, त्यांत असत्य वर्ज्य आहे, तसाच क्रोधही वर्ज्य आहे. आता चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो भरल्या ताटावरून उठतो, धाकट्या बहिणीवर खेकसतो आणि आईने ‘काय झाले?’ म्हणून विचारले की ‘काही नाही’ एवढेच सांगतो. आपण लगेच निवाडा देतो: पोरगे खोटे बोलते आणि वर रागही दाखवते. हा निवाडा न्यायाचा आहे काय?

खोटे बोलण्यासाठी आधी खरे ठाऊक असावे लागते. आत चालले आहे ते दुःख, भीती, लाज की एकटेपण, हे ज्याला स्वतःलाच उमगत नाही, तो लपविणार तरी काय? या अवस्थेला पीटर सिफ्निऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘ॲलेक्सिथायमिया’ असे ग्रीक मुळांचे नाव दिले. भावनेला शब्द नसणे, हा त्याचा अर्थ. हा रोग मानला जात नाही. तो स्वभावाचा एक विशेष असून कोणात कमी, कोणात अधिक आढळतो. कॅनडातील टोरांटोच्या नावाने ओळखली जाणारी, १९९४ साली प्रसिद्ध झालेली वीस विधानांची चाचणी त्याची तीन अंगे तपासते: भावना ओळखता न येणे, ती सांगता न येणे आणि लक्ष सतत बाहेरच्या गोष्टींतच असणे. यांपैकी पहिल्या अंगाचे किशोरवयीन मुलांच्या नैराश्याशी नाते अभ्यासकांना वारंवार दिसले आहे. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे दर वेळी ठरविता येत नाही, कारण नैराश्यानेही मन बधिर होते. परंतु ज्या दुःखाला नाव नाही, त्यासाठी मदत मागणे कठीण, हे कोणालाही पटेल. मग ते डोकेदुखी, पोटदुखी, निद्रानाश अशा रूपाने बाहेर पडते. या वयात नैराश्य पुष्कळदा चिडचिडीतून प्रकट होते. क्रोध म्हणून आपण जो दटावला, तो न ओळखलेला शोकही असू शकतो.

सुरतेतील लिंबायत, उधना, दिंडोली या भागांतील मराठी घरे पाहा. यांतील पुष्कळ कुटुंबे खानदेशातून यंत्रमाग आणि कापडधंद्याच्या आधाराने तेथे गेली. अनेक घरांत अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, रस्त्यावर हिंदी. मागांच्या खडखडाटात बारा तासांची पाळी करून आलेल्या बापाला बोलण्याचे त्राण उरत नाही. घरात बोलणे होते ते खोलीच्या भाड्याचे आणि परीक्षेतील गुणांचे. मनातले कोणत्या भाषेत सांगावे, हे मुलाने शिकावे कोठून? बापाचे कायक थोरच आहे; पण मुलाचे पोट भरले म्हणजे त्याचे अंतरंगही भरले, असे होत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांना कोठे असले शब्द लागत होते? होते की! हुरहुर लागणे, काळजात धस्स होणे, मन खट्टू होणे, जीव टांगणीला लागणे, हे त्यांचेच शब्द. बाराव्या शतकात शरणांनीही अंतरीचा अनुभाव लोकांच्या कन्नड बोलीत मांडला. बसवेश्वरांनी आपल्या मनाची चंचलता आणि व्याकुळता झाकून ठेवली नाही. ती बोलता आली, कारण ऐकणारा शरणसंग होता.

म्हणून मोठ्यांनी आरंभ स्वतःपासून करावा. ‘आज मुकादम बोलला, मला अपमान वाटला’ असे बापाने घरात म्हणावे. मुलाला ‘काय झाले?’ असा मोठा प्रश्न टाकण्यापेक्षा ‘छातीत जड वाटते का? पोटात गोळा येतो का? शाळेत जाताना येतो की परतताना?’ असे लहान प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी. नाव त्यावर लादू नये. उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे सरली नाही, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे न्यावे. जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी न्यावे. केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. तेथे मराठी व गुजरातीतही बोलता येते.

‘काही नाही’ हे मुलाचे उत्तर बहुधा असत्य नसते, ते अज्ञान असते. परंतु दिवसभर आतून पोळलेला बाप ‘मला काय झालंय?’ म्हणत कूस बदलतो, तेव्हा त्याला मात्र खरे ठाऊक असते. सत्याचा नियम आधी त्याला लागू आहे.