मासा दिसला तर बेल वाजवा

हातातलं काम थोडा वेळ बाजूला ठेवा. पाठ सरळ, खांदे सैल. डोळे मात्र मिटू नका. आज नुसतं बघत बसायचं आहे.

मनासमोर हिरवट, गढूळ पाणी आणा. हे पाणी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरातलं, वेर्डस्लाउस नावाच्या पाणदरवाज्यापाशी साचलेलं. एका बाजूला फेख्त नदी, दुसऱ्या बाजूला शहराच्या पोटातून जाणारा जुना कालवा. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी सारखी नाही, म्हणून मध्ये हे दार. होडी आली की उघडायचं. पण आता मार्च आहे, होड्या फारशा नाहीत. दार बंद आहे.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता दारापाशी बघा. एक मासा आहे. ब्रीम असेल, पर्च असेल, नाव नंतर. त्याच्या दोन्ही कुशींवरून, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा जाते. पाण्याची हालचाल त्याला तिथे कळते. स्वतःच्या बरगड्यांशी लक्ष न्या. श्वासाबरोबर त्या किती थोड्या हलतात, ते जाणवू द्या. तेवढ्याशा जाणिवेतून या माशाला प्रवाह कळतो. पाणी उबदार होऊ लागलं की अंडी घालायला उथळ जागा शोधायची, हे त्याच्या अंगातच आहे. त्याला शहर ओलांडून पलीकडच्या क्रोमे राइन नदीत जायचं आहे.

कोकणात पहिल्या पावसात ओढ्याला लागलेले चढणीचे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही ओढ सांगावी लागणार नाही. त्या वेळी मासा पकडणं किती सोपं असतं, हेही ते जाणतात. इथेही तसंच. थांबलेल्या माशांवर पाणकावळे टपलेले असतात.

इथे जरा थांबा. हे दार माशांना अडवायला कुणी बांधलेलं नाही. त्याचं वेळापत्रक होड्यांचं आहे, एवढंच. वैर कुणाचंच नाही, आणि तरीही वाट बंद आहे.

दाराशी खोळंबलेले हे मासे मार्क फान ह्यूकेलुम या पर्यावरणतज्ज्ञाच्या नजरेला पडले. त्यातून 2021 मध्ये माशांची दारावरची बेल सुरू झाली. पाण्याखाली कॅमेरा, त्याचं चित्र इंटरनेटवर, शेजारी एक बटण. जगात कुठेही बसलेल्या माणसाला मासा दिसला की त्याने बेल दाबायची. त्या क्षणाचं छायाचित्र टिपलं जातं. पुरेसे मासे जमलेत असं दिसलं, की दार उघडायचा निरोप जातो.

आता तुम्ही त्या पडद्यापुढे बसला आहात. पाणी. गाळाचे कण. पुन्हा पाणी. बराच वेळ काहीच येत नाही. बोट बटणाकडे जाऊ पाहतं, कारण नुसतं बसणं त्याला जमत नाही. त्या बोटाची घाई ओळखा, रागावू नका. मासा नसताना बेल वाजवून उपयोग नाही. आणि मासा आला त्या क्षणी मन भलतीकडे असेल, तर इतका वेळ बसल्याचाही उपयोग नाही.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आला. रुंद, चपट्या अंगाचा, शेपूट जेमतेम हलवत. बेल दाबा.

तुमचं काम झालं. माशाला उचलायचं नाही, ढकलायचं नाही, वाट दाखवायची नाही. पोहणं त्याचं त्यालाच येतं. दार उघडलं तरी तो पलीकडे गेला का, अंडी घातली का, हे तुम्हाला दिसणार नाही. हे न दिसणं थोडं टोचेल. टोचू द्या. उपकाराची पावती मागायची सवय तिथेच लपलेली असते.

आता पाणी बाजूला सारा आणि स्वतःच्या अखत्यारीतलं एक दार आठवा. टेबलावर पडून राहिलेला अर्ज असेल, न उचललेला फोन असेल, घरातल्या कुणाचं अर्धवट ऐकलेलं बोलणं असेल. कुणावरच्या रागाने नव्हे, आपल्याला त्या वाटेने जायचं नाही म्हणून बंद राहिलेलं दार.

तिथे कोण खोळंबलं आहे? उत्तरासाठी मनाला ताण देऊ नका. मघाशी पाण्याकडे पाहिलंत तसंच पाहत राहा.

नाव सुचलं, की मनन थांबवा. उठा आणि आधी तेवढं काम करा.