प्रतिफळाची वही

शास्त्रपाठ : मत्तय ६:१-४, मत्तय २५:३१-४०



आपल्या मंडळ्यांतील तरुण मुले पडद्यावर जे खेळ खेळतात त्यांविषयी वडीलधाऱ्यांचा अभिप्राय बहुधा दोन शब्दांत आटोपतो : वेळेचा अपव्यय. हा अभिप्राय अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि यांतील काही खेळ असा एक प्रश्न पुढे करतात, की तो शब्बाथ शाळेच्या वर्गातही विचारला जावा. माणसाने चांगले का वागावे? त्याचे फळ पदरात पडते म्हणून काय?

‘मास इफेक्ट’ नावाचा एक खेळ आहे. कॅनडातील एडमंटन शहराच्या बायोवेअर या कंपनीने तो २००७ साली काढला; पुढचे दोन भाग २०१० व २०१२ साली आले. कथा बाविसाव्या शतकातील आहे. शेपर्ड नावाचा सेनाधिकारी आपले जहाज घेऊन ताऱ्यांमधून फिरतो, आणि सर्व सजीवांचा नाश करू पाहणाऱ्या शत्रूशी लढतो. हा शेपर्ड म्हणजे खेळणारा स्वतःच. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी काय बोलावे, कोणाला सोडावे, कोणाला मारावे, हे त्यानेच ठरवायचे. आणि प्रत्येक निर्णयाची नोंद होते. दया, संयम, सचोटी दाखवली तर ‘पॅरागॉन’ म्हणजे आदर्शाचे गुण निळ्या खात्यात जमतात. कठोरपणा आणि बेपर्वाई दाखवली तर ‘रेनेगेड’ म्हणजे बेबंदपणाचे गुण तांबड्या खात्यात जमतात.

यात एक गोष्ट चांगली आहे, ती प्रथम सांगितली पाहिजे. पहिल्या भागात नोव्हेरिया नावाच्या बर्फाळ ग्रहावर राक्नी नावाच्या कीटकासारख्या जातीची शेवटची राणी काचेच्या टाकीत कोंडलेली सापडते. या जातीने पूर्वी भयंकर युद्ध केलेले असते. शेपर्डच्या हाती दोन कळा आहेत : राणीला सोडून द्यावे, किंवा टाकीत आम्ल सोडून तिची जात कायमची संपवावी. निर्णय होतो आणि कथा पुढे जाते. पाच वर्षांनी आलेल्या तिसऱ्या भागात तो निर्णय पुन्हा समोर उभा राहतो. सोडलेली राणी शत्रूच्या बंधनात सापडते, आणि तिला पुन्हा वाचवले तर ती साहाय्याला येते. मारली असेल, तर तिच्या जागी शत्रूने घडवलेली खोटी राणी असते, आणि तिच्यावर विश्वास टाकणाऱ्याचा घात होतो. माणूस जे पेरतो त्याचेच पीक घेतो, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील तत्त्व (६:७) मुलांच्या मनावर ठसवायला हे उदाहरण वाईट नाही.

परंतु अडचण पुढेच आहे. या खेळात उत्तरे एका चक्राभोवती मांडलेली असतात, आणि सौम्य उत्तर बहुतेक वेळा वरच्या बाजूस, कठोर उत्तर खालच्या बाजूस असते. शिवाय एका खात्यात भरपूर गुण साठले, तरच बिकट प्रसंगी तंटा मिटवणारे खास उत्तर उघडते. त्यामुळे सराईत खेळाडू समोरच्याचे ऐकण्याचेही कष्ट घेत नाही. वरचे उत्तर दाबतो आणि पुढे जातो. तिसऱ्या भागात तर वाचवलेली माणसे, मिळवलेले मित्र, ती राणीसुद्धा, सारे युद्धबळाच्या आकड्यात मोजले जाते. दया हे चलन झाले. ज्याच्यावर दया केली, तो मात्र नजरेआड झाला.

या खेळावर काम केलेल्या एकाने २०२० साली सांगितले, की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी पॅरागॉनचाच मार्ग धरला होता. हे ऐकून बरे वाटते. माणसाच्या अंतःकरणावर देवाने कोरलेले काहीतरी अजून शिल्लक आहे, असे म्हणावेसे वाटते. तरी विचारले पाहिजे : जेथे दयेला तोटा नाही, उलट बक्षीस ठरलेले आहे, तेथे दया करणाऱ्याची परीक्षा ती कोणती? शिवाय परिणाम मनाजोगा झाला नाही, तर मागे साठवून ठेवलेल्या जागेवर परतून दुसरे उत्तर देता येते. आपल्या आयुष्यात ती सोय नाही.

हाच प्रश्न सैतानाने देवासमोर मांडला होता (ईयोब १:९-११). ईयोब देवाला भितो, पण फुकट भितो काय? त्याच्याभोवतीचे कुंपण काढून घे, मग पाहा. ईयोबाचे सारे पुस्तक या एका टोमण्याचे उत्तर आहे. गुरे गेली, लेकरे गेली, शरीर फोडांनी भरले. वहीत जमा काहीच उरले नाही. तरी त्याने देवाला सोडले नाही.

येथे कोणी म्हणेल, शास्त्रही प्रतिफळाचे वचन देतेच ना? देते. लहानग्याला दिलेला गार पाण्याचा पेलाही वाया जात नाही, असे प्रभूनेच सांगितले (मत्तय १०:४२). मग फरक कोठे आहे? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात पाहा. राजा उजवीकडच्यांची सेवा एकेक करून सांगतो, आणि ते चकित होतात : हे आम्ही केव्हा केले? त्यांनी वहीच ठेवली नव्हती. भुकेला दिसला, जेवू घातले. विषय तेथेच संपला. उलट वही ठेवली होती ती उधळ्या पुत्राच्या वडील भावाने. इतकी वर्षे केलेली चाकरी आणि न मिळालेले करडू, दोन्ही त्याला तोंडपाठ होते, आणि म्हणूनच बापाच्या घरात असून तो मेजवानीच्या बाहेर उभा राहिला (लूक १५:२५-३०).

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची येथे विशेष विनंती आहे. हजेरीचे तारे, सुवचने पाठ केल्याची बक्षिसे, नाताळातील पारितोषिके, ही आपली जुनी रीत आहे. ज्या मुलांना इतर दिवशी शाळेत मराठी वाचायला मिळत नाही, त्यांना वचने पाठ करायला ती उत्तेजन देते. ती टाकून द्यावी असे आम्ही सुचवत नाही. पाठांतराला बक्षीस द्यावे. परंतु दयेला, खरेपणाला, क्षमेला तारा चिकटवू नये. मुलाने भांडलेल्या मित्राची क्षमा मागितली, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि तेवढ्यावरच थांबावे. मोठ्या मुलांपुढे हा खेळच ठेवून विचारावे : गुण मिळाले नसते, तर राणीला सोडले असते काय? सोडल्याने लढाई हरली असती, तर? मग शद्रख, मेशख व अबेद्‌नगो यांची गोष्ट सांगावी. देव आम्हांला सोडवील, आणि त्याने न सोडवले तरीही आम्ही मूर्तीला नमन करणार नाही, असे ते राजाला म्हणाले (दानीएल ३:१७-१८). त्या ‘तरीही’ला कोठल्याही खेळात गुण नाहीत.

शेवटी आपली दृष्टी वधस्तंभाकडे वळू द्या. तेथे प्रभूला सुचवलेले लाभाचे उत्तर खाली उतरण्याचे होते. उतरला असता तर पाहणारे विश्वास ठेवणार होते. तो उतरला नाही. आणि आपल्याविरुद्ध असलेले ऋणपत्र त्याने त्याच खांबाला खिळून टाकले, असे पौल सांगतो (कलस्सै २:१४). ज्याची वही अशी फाडली गेली, त्याने नवी वही कशाला उघडावी? त्याला आता गुण साठवायचे उरले नाहीत. शेजारी भुकेला आहे, एवढे कारण त्याला पुरे आहे.

गुप्त गोष्टी पाहणारा आपला पिता आपणां सर्वांना असे मोकळे हात देवो. आमेन.