चिंता करणें हा अविश्वास काय?

सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर चढलें, तेव्हां नदीकांठचीं कित्येक कुटुंबें विश्रामबाग व मिरजेकडे आश्रयास गेलीं. अशा वेळीं ज्याची झोंप उडाली त्याचा विश्वास उणा, असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बागाइतदारास बुडालेल्या उंसाची चिंता, मजुरास उद्यांच्या भाकरीची, विधवेस खचलेल्या भिंतीची. ओझें एकसारखें नाहीं, म्हणून सांत्वनही एकसारखें नसावें.

एलीया रतामाच्या झुडपाखालीं मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्यास दोष दिला नाहीं. आधीं निजूं दिलें, दूताकरवीं भाकर व पाणी दिलें, आणि मग तो त्याशीं बोलला. प्रिय बंधुभगिनीहो, शेजाऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं त्याची चूल पेटली कीं नाहीं, हें आपण पाहूं या.