देवळामागे नामदेव का गेले?

यवतमाळ-हदगावकडून येणारा रस्ता आणि हिंगोली-कळमनुरीकडून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर मिळतात. सुट्टीचे दिवस लागले की या फाट्यावर मुलाबाळांनी भरलेल्या गाड्या थांबलेल्या दिसतात. मंडळी खिचडी खातात, चहा घेतात आणि मग ठरवतात: आधी हिंगोलीकडे वळून नरसी आणि औंढा करावे, की खाली नांदेडला जावे? बहुतेक जण दोन दिवस काढून सारेच करतात. ते चांगलेच आहे. लेकरांना घेऊन यात्रा करावी, ही आपल्यातली जुनी रीत आहे. पंढरीच्या वाटेवर बापाच्या खांद्यावर बसलेले पोर कोणत्या वारकऱ्याने पाहिले नाही?

परंतु माऊली हो, लेकराला त्या स्थानी नेले म्हणजे आपले काम संपले काय? तेथे ते काही विचारील. त्याला आपण काय सांगणार, याचा विचार घरून निघताना फार थोडे लोक करतात.

औंढा नागनाथाचेच पाहा. देवळाचे खालचे काम यादवकाळातले आहे, वरचा भाग मागाहून बांधलेला आहे. पायथ्याशी कोरलेल्या मूर्तींच्या रांगा पाहताना लेकरे रमून जातात. मग कोणीतरी जाणता माणूस कथा सांगतो. नामदेवराय देवासमोर कीर्तनाला उभे राहिले. तेथल्या अधिकारी मंडळींनी त्यांना उठवले आणि मागे जा म्हणून सांगितले. ते मागे गेले, तेथे नामघोष सुरू केला, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. देवळामागचा नंदी ही त्याची खूण म्हणून दाखवतात. मोठी माणसे हात जोडतात. तेवढ्यात एखादे लेकरू विचारते, “आज्जा, पण त्यांना मागं का पाठवलं?”

आपल्या मनात देऊळ कसे फिरले याचे नवल दाटलेले असते. लेकराच्या मनाला मात्र माणसाला उठवल्याचे लागते. त्यावर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, “गप बस, देवाच्या दारात असलं विचारू नये.” दुसरे, “होते बाबा तेव्हा काही वाईट लोक.” पहिल्या उत्तराने लेकराचे तोंड बंद होते. दुसऱ्याने त्याची समजूत पटते, पण ते उत्तर खरे नाही. कथेतली ती माणसे चोर-दरोडेखोर नाहीत. ती पूजाअर्चा करणारी, सोवळे सांभाळणारी आणि आपण धर्मच करीत आहोत असे मनापासून मानणारी माणसे आहेत. भला माणूसदेखील धर्माच्या नावाने दुसऱ्याचा अपमान करू शकतो, ही त्या कथेतली अवघड गोष्ट आहे. आपण चमत्कार रंगवून सांगतो आणि नेमकी हीच गोष्ट वगळतो.

वगळू नये, असे खुद्द नामदेवरायांचेच सांगणे दिसते. वारंग्याहून नांदेडला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला आणि त्यापूर्वी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिले. सचखंड गुरुद्वाऱ्याचे बांधकाम महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात करविले. त्या ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. देवळातून उठवल्याचा प्रसंग त्यांतल्या एका पदात आला आहे. गावाचे नाव त्यात नाही, पण जातीचा उल्लेख आहे, धरून बाहेर काढल्याचे दुःख आहे, घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसणे आहे, आणि मग देऊळ फिरणे आहे. म्हणजे नांदेडला ज्या ग्रंथापुढे हजारो लोक रोज माथा टेकवतात, त्या ग्रंथात आपल्या एका शिंप्याचा झालेला अपमान जपून ठेवलेला आहे. पंजाबातल्या लोकांनी तो लपवला नाही. मग आपण आपल्याच लेकरांपासून तो का लपवावा?

कोणी म्हणेल, “अहो, लेकरांचे वय काय! श्रद्धा रुजायच्या आधीच ती मोडायची काय?” ही शंका थट्टेने उडवून देण्यासारखी नाही. कोवळ्या मनात कोणा एका जातीबद्दल राग भरला, तर यात्रेचे पुण्य राहिले बाजूला, नवे पाप मात्र पदरी पडेल. म्हणून सांगताना जपावे. पण जपणे म्हणजे गाळणे नव्हे. लेकरू घरात रडणे पाहते, भांडण पाहते. शाळेत कोणाला कोणाशेजारी बसू देत नाहीत, हेही ते पाहत असते. अन्याय त्याला नवा नसतो. देवाच्या दारातही अन्याय झाला आणि देव अपमान झालेल्या माणसाकडे वळला, असे त्याला खरेखुरे सांगितले तर श्रद्धा मोडणार नाही. ती मोडते ती पुढे, मोठेपणी, जेव्हा त्याला कळते की आपल्या माणसांनी अर्धेच सांगितले होते.

शिवाय झाकून ठेवणे ही आपल्या संतांची चालच नाही. गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही गोष्ट आपणच कीर्तनातून हसत हसत सांगतो. विसोबा खेचरांकडे गेलेल्या नामदेवांना पिंडीवर पाय ठेवलेले गुरू पाहून राग आला, हेही सांगतो. जो संप्रदाय आपल्या लाडक्या संताचे कच्चेपण सांगायला लाजत नाही, त्याने समाजाचे कच्चेपण सांगायला का लाजावे? पंढरपुरात महाद्वारी नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तेथे लेकराने विचारले, “हे बाहेर का?” तर उत्तर द्यावे. आणि तेवढ्यावर न थांबता हेही सांगावे की १९४७ साली १ मे रोजी साने गुरुजी त्याच पंढरीत उपोषणाला बसले आणि १० मे रोजी देऊळ सर्वांना खुले करण्याचे ठरल्यावरच त्यांनी ते सोडले. चूक सांगावी आणि ती सुधारायला कोण पुढे झाले हेही सांगावे, म्हणजे लेकराच्या मनात राग साचून राहत नाही.

आता दुसरा प्रश्न. लेकरू विचारील, “देऊळ खरंच फिरलं का?” येथे मोठ्यांनी छाती ठोकू नये आणि टिंगलही करू नये. “आम्ही असं ऐकत आलो, आमच्या आज्जानं आम्हाला असंच सांगितलं,” इतके म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. दगड फिरला की नाही यावर ते मोठेपणी आपले मत करील. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण कयाधूकाठी जातो, तेव्हाही काही जण पंढरपूर हे जन्मस्थान मानतात असे सांगायला काय हरकत आहे? जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगावे, जे ठाऊक आहे ते ठाऊक म्हणून सांगावे. हा फरक लेकराला कळला, तर तीर्थाला येऊन ते सत्य शिकले असे समजावे.

म्हणून एक विनंती आहे. दिवसात चार स्थाने उरकायची, प्रत्येक ठिकाणी फोटो काढायचा आणि पुढे पळायचे, ही घाई सोडावी. दोनच स्थाने करावीत. औंढ्याला लेकरू जेथे थबकेल तेथे आपणही थांबावे. नांदेडला लंगरात त्याला पंगतीत बसवावे आणि शेजारी कोण बसले आहे ते पाहू द्यावे. तेथे जात कोणी विचारत नाही, हे त्याच्या आपोआप ध्यानात येईल. आणि घरी परतल्यावर, पुढल्या लग्नात वा सप्त्यात कोणाला पंगतीतून उठवण्याची, बाजूला बसवण्याची वेळ आली, तर ते लेकरू आपल्याकडे पाहत आहे हे विसरू नये. त्या दिवशी ते कदाचित पुन्हा विचारील, “आज्जा, यांना मागं का पाठवलं?” औंढ्याला आपण दिलेले उत्तर खरे होते की नाही, ते त्याला तेव्हा कळेल.

रामकृष्ण हरि.