श्रम, स्वधर्म आणि स्वमग्न विद्यार्थी

स्वमग्न मुलाला शाळेत एखादे काम शिकवायचे ते कशासाठी? पुढे चार पैसे मिळवावेत म्हणून, की त्या कामातून त्याचे शिक्षण व्हावे म्हणून? वेगळ्या संदर्भात हा प्रश्न वर्ध्यात पूर्वीच चर्चिला गेला. ऑक्टोबर 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानणारी नई तालीम मांडली. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर तेव्हाच आक्षेप आले. आर्थिक बाजूपुढे शिक्षण मागे पडेल, असा इशारा परिषदेने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनेही दिला. स्वमग्न मुलांच्या व्यवसाय प्रशिक्षणाला तो आज अधिकच लागू आहे.

उदाहरणार्थ, नई तालीममधली टकळीवरची सूतकताई पाहावी. पेळूचे टोक अडकवायचे, टकळी फिरवायची, धागा हातभर ओढायचा, गुंडाळायचा, पुन्हा फिरवायची. क्रम बदलत नाही आणि फळ डोळ्यांसमोर वाढत जाते. पुढे काय होणार हे ठाऊक असले की अनेक स्वमग्न मुले निर्धास्त होतात. मात्र एखाद्याला कापसाचा स्पर्शच सोसत नाही. त्याच्यासाठी वाफ्याला पाणी घालणे किंवा पाकिटे चिकटवणे बरे.

इथे विनोबांचा स्वधर्माचा विचार उपयोगी पडतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगातील गीता प्रवचनांत त्यांनी बाहेरच्या कर्माला मनाची जोड मिळणे म्हणजे विकर्म, असा अर्थ लावला. त्या कसोटीवर मुलाचे चित्त ज्यात रमते ते काम त्याचा स्वधर्म. केवळ विकले जाते म्हणून लादलेले नव्हे. सामाजिक कौशल्यांचेही तसेच. नमस्कार करणे, रांगेत थांबणे, मदत मागणे जरूर शिकवावे, पण नजरेला नजर भिडवण्याची सक्ती अन्यायाची आहे. स्वमग्न मुलाची बोलण्याची रीत समजून घेणे वर्गातल्या इतरांनीही शिकायला हवे.

ज्याला कोणतेच काम जमत नाही, त्याचे काय? शरीरश्रमाला व्रत मानणाऱ्या विचाराची खरी परीक्षा इथेच होते. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोगाने जर्जर झालेल्या परचुरे शास्त्रींना जागा मिळाली, ती ते किती राबतील हे मोजून नव्हे. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करीत. 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही, ज्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देताना भावी कमाईची अट घालत नाही.