सूत्राचे प्रकरण आणि निरूपणाची सिद्धता



सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकांस महाराष्ट्रात वास करण्याची आज्ञा केली, हे आपणांस विदित आहेच. या आज्ञेवर मीरा-भाईंदर येथे निरूपण करावयाचे झाले, तर महंतांनी काय सांगावे? भाषेच्या प्रश्नावरून जुलै २०२५ मध्ये तेथे मोर्चे निघाले. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी कुटुंबे एकाच इमारतीत नांदतात. अशा नगरात हे एकच सूत्र उंच स्वराने म्हटले, तरी टाळ्या मिळतील. पण त्यास निरूपण म्हणता येईल काय?

सूत्रपाठ ही केशिराजबासांनी लीळाचरित्रातून वेचलेली वचने. वेचताना प्रसंग मागे राहिला. कोणास, कोठे, कोणत्या निमित्ताने निरूपिले, हे सुट्या सूत्रात दिसत नाही. म्हणूनच पूर्वाचार्यांस प्रकरणवश सिद्ध करावा लागला. निरूपणाची सिद्धता तेथून व्हावी. आधी प्रकरण पाहावे, मग मागची-पुढची सूत्रे, मग आचारबंद-लक्षणबंदांतील विवरण. आपली बुद्धी सर्वांच्या शेवटी. हल्ली पुष्कळदा विषय आधी ठरतो आणि त्यास साजेसे सूत्र मागाहून शोधले जाते!

प्रस्तुत आज्ञा आचारप्रकरणातील आहे. तिच्या जोडीस कानडदेशी व तेलंगदेशी न जाण्याची आज्ञा येते, आणि कारणही तेथेच दिले आहे: ते देश विषयबहुल, शिवाय तेथे विरक्तास मान मिळतो. म्हणजे रोख परप्रांतीयांवर नाही. साधकाच्या मानलोभावर आहे. मग याच सूत्राच्या बळावर व्यासपीठावर मान मिळविणारा निरूपणकार कोणाची आज्ञा पाळतो?

पंथ पुढे पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत गेला, तेथे जयकृष्णी म्हणून ओळखला गेला. हे सूत्र सांगताना तो इतिहास झाकून ठेवू नये.

मराठीचा आग्रह आपल्या पंथात आहेच, पण त्याचे प्रकरण निराळे. संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या केशिराजबासांना श्रीनागदेवाचार्यांनी थांबविले, ते साध्याभोळ्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकू नयेत म्हणून. मीरा रोडच्या सभेत पंजाबी वासनिक म्हातारी बसली असेल, तर मूळ वचन मराठीतच म्हणावे आणि विवरण तिला उमजेल अशा हिंदीत करावे, असे आमचे मत आहे.