खाच गेलेला वस्तरा तोच की दुसरा?

वस्तऱ्याच्या धारेला पडलेली खाच भरून काढता येत नाही. उडालेला कण परत बसत नाही, म्हणून खाचेच्या तळापर्यंत सगळीच धार झिजवावी लागते. अर्धा मिलिमीटर खोल खाच एकाच जागी असली, तरी सुमारे सात सेंटिमीटर लांबीचे अख्खे पाते अर्ध्या मिलिमीटरने अरुंद होते. असा निसण्यावरून उतरलेला वस्तरा पूर्वीचाच मानावा की दुसरा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर कडक आहे. अवयवी, म्हणजे भागांपासून बनलेली सबंध वस्तू, ही केवळ अवयवांची बेरीज नव्हे. पण एक अवयव गेला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांपासून नवा उत्पन्न होतो. कापडाचा तुकडा फाटला की उरते ते ‘खंडपट’, म्हणजे वेगळेच वस्त्र. बौद्धांच्या मते तर टिकून राहणारा वस्तरा आधीही नव्हता. रथ हे केवळ जुळणीला दिलेले नाव आहे, असे भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला पटवले होते.

पतंजलीने महाभाष्यात सोन्याचा दाखला घेतला: दागिने मोडून दुसरे घडवले तरी आकृती बदलते, सोने तेच राहते. प्रवरेच्या काठी नेवाशाला शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतही सोने आणि दागिने पुन्हा पुन्हा येतात. वस्तऱ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. इथे द्रव्य जाते आणि आकृती राहते.

ती कशी राहते, हे निसण्यावर दिसते. पाते आडवे टेकवले की धार आणि जाड पाठ दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावर धारेचा कोन ठरतो. तो बहुधा 16–17 अंशांच्या आसपास असतो. खाच काढायला सुमारे 1000 ग्रिटचा खरखरीत दगड, मग 4000 आणि 8000चे बारीक दगड लागतात. दगडावर धार पुढे चालते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून पाते ओढतात. पाठ झिजू नये म्हणून काही जण तिला चिकटपट्टी लावतात. पण त्याने पाठ जाड राहते, पाते मात्र अरुंद होत जाते आणि कोन बोथटाकडे सरकतो. कोन राखायचा तर ज्या पाठीला काहीच झालेले नाही, तिनेही झिजले पाहिजे. वस्तऱ्याचे तेपण लोखंडाच्या वजनात नाही, या संबंधात आहे. म्हणून खंडपटाचा न्याय इथे अपुरा वाटतो.

संत सेना महाराजांच्या नावावरच्या अभंगात आरसा, चिमटा ही धोकटीतली हत्यारे विवेक-वैराग्याची रूपे होतात. श्रावण वद्य द्वादशीला नाभिक समाज त्यांची पुण्यतिथी पाळतो. सलूनमध्ये आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला आहे. ब्लेड टाकून दिले जाते, त्यामुळे तेपणाचा प्रश्नच उठत नाही.

जुन्या वस्तऱ्यालाही मर्यादा आहे. खाचेच्या टोकापासून पाठीकडे तडा गेलेला भिंगातून दिसला, तर घासून उपयोग नाही. पातळ पोटापर्यंत गेलेला तडा झिजवून संपेपर्यंत दाढीला लागेल एवढे पातेच उरत नाही.